भरलेली नाव रिकामी करणे

आमच्या पोखर्णीच्या आसपास समुद्र नाही, खाडी नाही, आणि मोठे पाणी पाहावयाचे तर गंगाखेडच्या बाजूस गोदावरीच्या काठी जावे लागते. नृसिंहाच्या देवळामुळे जे गाव दूरवर ठाऊक आहे, तेथील मनुष्यास 'नाव' म्हटले म्हणजे आधी आपले स्वतःचे नाव आठवते. होडी आठवत नाही. तेव्हा बंदराची आणि बुडत्यास वाचविणाऱ्या नावेची गोष्ट आम्ही येथे का काढावी, असे कोणी विचारील तर त्याचे विचारणे रास्त आहे. आमच्या मंडळीतील एका तरुणाने एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाने आम्हांस पोखर्णीहून उठवून समुद्रापर्यंत नेले, एवढेच त्याचे कारण.

सन २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस पडला तो वाचकांस सांगावयास नको. ज्यांची जमीन खरवडून गेली त्यांस तर मुळीच नको. त्या दिवसांत एके दुपारी हा तरुण आपल्या शेतातून सोयाबीनचे चाळीस कट्टे ट्रॉलीत घालून गावाकडे निघाला होता. वाटेत ओढा लागतो. ओढ्याच्या पलीकडे एक आखाडा आहे. तेथे एक म्हातारी, तिची सून व दोन लेकरे राहतात. पाणी चढू लागलेले पाहून त्या सुनेने त्यास हाक मारली. तेव्हा पुलावर पाणी घोट्याइतकेच होते. ट्रॉलीत त्या चौघांस बसण्यास जागा नव्हती, कारण ती काठोकाठ भरलेली होती. कट्टे खाली टाकावे तर पावसात भिजणार, भिजले म्हणजे मोड येणार, आणि त्या कट्ट्यांवर तर बियाण्याचे व खताचे कर्ज उभे होते. त्याने ओरडून सांगितले, "आलोच!" तो गावात गेला, कट्टे घरात उतरविले आणि परत आला. परत येईपर्यंत पूल दिसेनासा झाला होता.

कोणी मेले नाही. संध्याकाळी गावकऱ्यांनी दोर बांधून चौघांनाही अलीकडे आणले. दावणीला बांधलेली वगार मात्र बुडाली. ती म्हातारी त्यास एका शब्दानेही बोलली नाही. पुढच्या रविवारी उपासना आटोपल्यावर तो दारात थांबून राहिला व म्हणाला, "पाळकसाहेब, मी पाप केले काय?"

आम्ही जे उत्तर दिले त्याची आम्हांस आज लाज वाटते. आम्ही म्हटले, अरे, कोणी दगावले नाही, देवाची कृपा झाली. शिवाय पाण्याखाली गेलेल्या पुलावर ट्रॅक्टर घालणे हा मूर्खपणा आहे, आणि त्यापायी दरवर्षी माणसे प्राणास मुकतात. यावर तो म्हणाला, "पाण्याला भिऊन थांबलो असतो तर गोष्ट निराळी. मी पाण्याला भ्यालो नाही. मी कट्ट्यांसाठी गेलो." ज्या मनुष्याने आपले अंतःकरण इतके नीट तपासले आहे, त्याच्यापुढे आमचे सांत्वन फुकाचे होते, हे आम्ही ओळखले आणि गप्प बसलो.

त्यानंतर माघ महिन्याच्या सुमारास मंडळीच्या कामासाठी आम्हांस मुंबईस जाणे झाले. त्या तरुणास आम्ही बरोबर घेतले. काम एका दिवसात उरकले. दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसून आम्ही दोघे रेवस बंदरास गेलो. या वाटेवर जे घडले ते त्याने ऐकावे, ही आमची इच्छा होती.

१७ जुलै १९४७ या दिवशी, म्हणजे देश स्वतंत्र होण्यास महिनाही उरला नव्हता तेव्हा, 'रामदास' नावाची आगबोट सकाळी आठच्या सुमारास याच भाऊच्या धक्क्यावरून याच रेवसकडे निघाली. दिव्यांच्या अवसेचा सण तोंडावर आला होता. लोक घरी जावयास उतावीळ झाले होते. बोटीवर सातशेंच्या आसपास माणसे होती. अर्धापाऊण तास गेला असेल नसेल, काशाच्या खडकाजवळ समुद्र खवळला, बोट एका बाजूस कलली, भ्यालेले उतारू इकडून तिकडे धावले, आणि पाहता पाहता ती उलटून बुडाली. सहाशेंहून अधिक जीव गेले. इतक्या माणसांस पुरतील एवढी वाचण्याची साधने तिच्यावर नव्हती. शहर जवळ, धक्का जवळ. पण मुंबईस ही वार्ता कळावयास दुपार उलटली.

त्याच वेळी रेवसचे काही कोळी मासळी घेऊन मुंबईच्या बाजारास निघाले होते. त्यांच्या होड्या भरलेल्या होत्या. पाण्यात माणसे तरंगताना त्यांनी पाहिली. तेव्हा त्यांनी मासळी समुद्रात फेकून दिली आणि त्या जागी माणसे घेतली. सुमारे पाऊणशे जीव त्यांनी वाचविले.

हे आम्ही लाँचच्या फळीवर बसून त्यास सांगितले. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. त्याने समुद्र पूर्वी पाहिलेला नव्हता, म्हणून तो काय पाहत होता हे आम्हांस सांगता येत नाही.

रेवसला उतरलो. ओहोटी होती, धक्क्याच्या दोहों अंगांस चिखल, त्यात काही होड्या कुशीवर पडलेल्या, आणि खाडीपलीकडे करंजा. ज्या होड्यांनी ते पाऊणशे जीव आणले त्यांपैकी एखादी कोठे ठेवलेली पाहावयास मिळेल, अशी आमच्या मनात भोळी आशा होती. तसे काही आमच्या दृष्टीस पडले नाही. लाकूडच ते; खाऱ्या पाण्यात किती दिवस टिकणार?

ही आशा आमच्या मनात येण्यास कारण होते. इंग्लंडात टाइन नावाची नदी आहे. 'रामदास' बोट १९३६ साली ज्या स्वॉन हंटर कंपनीने बांधली, तिचा मुख्य कारखाना याच नदीच्या काठी होता. या नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स हे बंदर आहे, आणि तेथे समुद्राजवळ एका छपराखाली 'टाइन' नावाचीच एक जुनी नाव जपून ठेवली आहे. ती १८३३ साली बांधली गेली आणि तिने हजाराहून अधिक बुडती माणसे किनाऱ्यास आणली. जगात जतन केलेल्या अशा जुन्या नावांत तिचा क्रमांक दुसरा लागतो; पहिली 'झेटलंड', सन १८०२ ची, ती त्याच किनाऱ्यावर रेडकार गावी आहे. आम्ही या दोन्ही नावा केवळ चित्रांत पाहिल्या आहेत. पण त्यांच्यामागची हकीकत आमच्या तरुणाच्या प्रश्नास लागू पडणारी आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

१७८९ साली 'अॅडव्हेंचर' नावाचे एक गलबत टाइन नदीच्या मुखाशी वाळूत रुतले. वादळ होते. गलबत किनाऱ्यापासून काही शे हातांवर, इतके जवळ की काठावरील लोकांस ते डोळ्यांनी स्पष्ट दिसत होते. हजारो लोक जमले. खलाशी डोलकाठीच्या दोरांस धरून होते. हात गारठले तसतसे ते एकामागून एक खाली पडले आणि बुडाले. काठावर होड्या होत्या, नावाडीही होते. परंतु त्या लाटांत त्या होड्या टिकणार नाहीत हे त्यांस ठाऊक होते, म्हणून कोणी गेले नाही. ते लोक दुष्ट नव्हते. त्यांच्यापाशी त्या कामाची नाव नव्हती, एवढेच. मग तेथील काही गृहस्थांनी दोन गिनींचे बक्षीस लावले, की जो कोणी अशा पाण्यात टिकणाऱ्या नावेचा उत्तम नमुना करील त्यास ते मिळेल. विल्यम वूडहेव नावाच्या घरे रंगविणाऱ्या एका गरीब मनुष्याने पत्र्याचा नमुना आणला. तो उलटला तरी आपोआप सुलटा होई. त्यास अर्धेच बक्षीस, म्हणजे एक गिनी, देऊ केले. नाव बांधण्याचे काम हेन्री ग्रेटहेड नावाच्या कारागिराकडे गेले, आणि १७९० साली ती प्रथम समुद्रात उतरली. वूडहेवाची कल्पना किती आणि ग्रेटहेडाची किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. गंमत अशी की त्या जपलेल्या नावेशेजारी जो स्मारकाचा मनोरा आहे, तो त्या दोघांचाही आहे. मेल्यावर भांडण मिटविणे गावास फार सोपे जाते.

या हकीकतीवरून असे वाटते की वाचविणारी नाव ही सुताराच्या शेडमध्ये तयार होते. आणि ते काही अंशी खरेच आहे. चांगली नाव, दोर, बूच, वल्ही, तयार माणसे, यांवाचून नुसत्या कळवळ्याने कोणी बुडता वर येत नाही. आमच्या गावांत पावसाळ्यापूर्वी विहिरीच्या दोराची जी हयगय होते, ती पाहता हा पाठ आम्हांसही घेण्यासारखा आहे.

पण सन १९१२ ची गोष्ट घ्या. 'टायटॅनिक' हे प्रचंड जहाज बुडाले तेव्हा त्यावर माणसांच्या मानाने नावा थोड्या होत्या, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या होत्या त्यांतील एकीत चाळीस माणसे बसू शकत होती. ती बारा माणसे घेऊन निघून गेली. पाण्यात शेकडो माणसे ओरडत असता बहुतेक नावा परत वळल्या नाहीत. त्या नावा तर वाचविण्याकरिताच बांधलेल्या होत्या. रेवसच्या होड्या मासळीकरिता बांधलेल्या होत्या. मग वाचविणारी नाव कोणती म्हणावी?

आमचे मत असे झाले आहे, की नाव वाचविणारी होते ती ज्या क्षणी तिच्यातील माल बाहेर टाकला जातो त्या क्षणी. त्यापूर्वी ती कोळ्याची होडी असते, अथवा शेतकऱ्याची ट्रॉली असते. त्या क्षणानंतर तीच फळी, तेच वल्हे, पण तिची जात बदलते. आणि जी नाव मुळातच रिकामी आहे तिच्यातही टाकून देण्याजोगे काहीतरी असते. त्या बारा जणांच्या नावेत भय भरलेले होते. परत गेलो तर बुडते लोक धरून आपणांस उलटवितील हे भय. ते त्यांच्याने टाकवले नाही.

आमच्या वाचकांस येथे प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आठवला असेल. तेथेही वादळ आहे, माल फेकणे आहे, शेवटी गहूसुद्धा समुद्रात टाकणे आहे. तेथेही एक लहान नाव आहे, आणि खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून तीत बसून पळू पाहतात. तेव्हा शिपाई तिचे दोर कापून तिला सोडून देतात. आम्ही हा अध्याय अनेकदा वाचून दाखविला आहे; परंतु रेवसच्या धक्क्यावर प्रथमच एक गोष्ट ध्यानी आली. त्या तारवावरच्या लोकांनी गहू टाकला तो स्वतःचे जीव वाचावे म्हणून. जीव आणि गहू यांत निवड करावयाची झाल्यास कोणताही शहाणा मनुष्य गहू टाकील. त्यास फारसे पुण्य लागत नाही. कोळ्यांच्या होड्या तर बुडत नव्हत्या. त्यांची मासळी त्यांच्या जिवावर उठलेली नव्हती. त्यांनी ती परक्यांकरिता टाकली. हे निराळे माप आहे.

आता कोणी म्हणेल, हे मोठ्या मनाचे कृत्य खरे, पण कर्तव्य नव्हे. जो करील त्याची स्तुती करावी, जो न करील त्यास दोष देऊ नये. आमच्या तरुणास हे उत्तर देता आले असते. पण आम्ही एक गोष्ट वाचली होती ती आडवी आली. सन १९१० मध्ये ब्रसेल्स शहरी पुष्कळ राष्ट्रांनी मिळून समुद्रावरील मदतीविषयी एक करार केला. त्यात असे ठरले, की समुद्रात बुडण्याच्या बेतात असलेला कोणीही सापडला, मग तो शत्रू का असेना, तर जहाजाच्या कप्तानाने त्यास मदत केलीच पाहिजे. सूट एवढीच, की आपले जहाज, आपले खलाशी आणि आपले उतारू यांस गंभीर धोका नसावा. वाचकहो, या यादीकडे नीट पाहा. जहाज आहे, खलाशी आहेत, उतारू आहेत. माल नाही. हा करार व्यापारी राष्ट्रांनी केला, ज्यांचे सारे ऐश्वर्य मालावर चालते. तरी माल नासेल ही सबब त्यांनी त्या यादीत घातली नाही.

म्हणून आम्ही त्यास रेवसला खरे ते सांगितले. पाण्याचा धोका पाहून तू थांबला असतास, तर तुला कोणी दोष देऊ शकत नव्हते. पण त्या घटकेस पाणी घोट्याइतके होते, आणि तू जे मध्ये घातलेस ते त्या यादीत बसत नाही. त्याने मान हलविली. हे त्यास आधीच ठाऊक होते. फक्त कोणीतरी ते म्हणावे अशी त्याची इच्छा होती, असे आम्हांस वाटले.

पण येथवर आलो म्हणून प्रश्न सुटला असे नाही, आणि सुटला असे आम्ही भासविणार नाही. दोन गोष्टी अजून टोचतात.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ गावी, कृष्णेच्या पुरातून लोकांस बाहेर काढणारी नाव उलटली. तीत पेलण्यापेक्षा अधिक माणसे बसली होती. सतरा जण बुडाले. त्यांत बाया व लेकरे होती. त्या नावेत मासळी नव्हती, कट्टे नव्हते. तीत नुसती माणसे होती, आणि ज्यांस मागे राहा म्हणावे असे त्यांत कोणीच नव्हते. नाव रिकामी करणे हे एक धैर्य आहे. नाव भरली असे म्हणणे हे दुसरे, आणि त्याहून कठीण. पाण्यातील हाताकडे पाहून 'आता जागा नाही' असे ज्यास म्हणावे लागते, त्याने पाप केले काय? रेवसच्या कोळ्यांनाही हे म्हणावे लागले असेल. पाऊणशे माणसे आली. पाण्यात त्याहून कितीतरी अधिक होती. त्या होड्या काठोकाठ भरून परतल्या असतील तेव्हा मागे कोण ओरडत राहिले, हे त्या लोकांनी कोणास सांगितले असेल का? आम्ही या प्रश्नापाशी अनेक रात्री थांबलो आहोत. एवढेच म्हणवते, की ज्याने आधी आपली मासळी टाकली आहे त्याच्याच तोंडी 'जागा नाही' हे शब्द शोभतात. ज्याच्या नावेत अजून टोपल्या आहेत त्याच्या तोंडी ते खोटे ठरतात.

दुसरी गोष्ट आमच्याकडेच बोट दाखविते. कोळ्याने मासळी टाकावी, शेतकऱ्याने कट्टे टाकावे, हे सांगणे आम्हांस सोपे आहे; आमचे मानधन महिन्याच्या महिन्यास येते. मासळी टाकली त्या दिवशी त्या घरांत चूल कशाने पेटली? वगार बुडाली तेव्हा आमच्या मंडळीने त्या म्हातारीकरिता वर्गणी केली, आणि आम्हांस त्याचा थोडा अभिमानही वाटला होता. पण त्या दुपारी या तरुणाने चाळीस कट्टे चिखलात लोटले असते, चौघांना ट्रॉलीत घालून आणले असते, आणि वगार दोर सोडून मागून पोहत आली असती, तर आम्ही त्याकरिता वर्गणी केली असती काय? त्याची पाठ थोपटली असती, कापणीच्या सणात त्याचे नाव घेतले असते. भिजलेल्या चाळीस कट्ट्यांपैकी पाच तरी आम्ही भरून दिले असते की नाही, याची आमच्या मनाशी आम्ही हमी देऊ शकलो नाही. आणि आपल्यामागे कोणी उभे राहणार नाही हे त्याने ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या त्या एका क्षणात जाणले नसेल कशावरून? ज्या गावात मासळी टाकणाऱ्याची टोपली कोणी पुन्हा भरीत नाही, त्या गावात मासळी टाकली जात नाही. निदान नेहमी टाकली जात नाही. त्याच्या दोषात आमचा वाटा आहे, हे आम्ही त्यास तेथे सांगितले नाही. येथे लिहीत आहोत. तो हे पत्र वाचतो.

रेवसच्या धक्क्यावर जाळे नीट करीत एक वृद्ध कोळी बसले होते. 'रामदास' बुडाली तेव्हा ते जन्मले नव्हते किंवा अगदी तान्हे असतील. पण घरात ऐकलेले होते. आम्ही नमस्कार करून विचारपूस केली. ते थोडके बोलले. इतका वेळ गप्प असलेल्या आमच्या तरुणाने मग पुढे होऊन त्यांस विचारले, "बाबा, त्या मासळीचे पैसे त्यांना कोणी दिले?"

त्यांस प्रश्न कळला नाही. कोणती मासळी, असे त्यांनी विचारले. याने पुन्हा समजावून सांगितले, की जी समुद्रात टाकली ती. ते जाळ्याची गाठ हातात धरून थोडे थांबले, आणि म्हणाले की हे त्यांनी कधी कोणास विचारले नाही, आणि घरातही कधी निघाले नाही.

इतक्यात परतीची लाँच लागली. तो तरुण त्यांच्या शेजारीच चिखलाकडे तोंड करून बसला होता. तिकिटे आमच्यापाशी होती, म्हणून आम्ही त्यास हाक मारली.